वस्तू जुनी, व्यवहार शुद्ध

दीपावलीचा मंगल सण दाराशी येऊन ठेपला आहे. वसुबारसेला गोवत्सांचे पूजन होईल, धनत्रयोदशीला धन्वंतरीचे स्मरण आणि यमदीपदान होईल, लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू लागेल, आणि पाडव्याला व्यापारी बंधू नव्या वह्या पूजतील. कपडे नवे, भांडे नवे, केरसुणी नवी, वही नवी. अशा या नव्याच्या उत्सवात आम्ही आज जुन्याविषयी चार शब्द लिहिणार आहोत. ते लिहिणे आम्हांवर ऋण म्हणून आहे. हे ऋण एकलहऱ्यातील एका माउलीचे असून ते फेडण्यास चाळीस वर्षांचा विलंब झाला आहे.

एकलहऱ्याची वसाहत

आमच्या त्र्यंबकेश्वराहून एकलहरे म्हणजे नाशिक ओलांडून पार पलीकडे, नाशिकरोडच्या पुढे. तेथील औष्णिक वीज केंद्राची धुराडी दुरूनच दिसतात. १९७०-७१ मध्ये या केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले व १९७९ ते १९८१ या काळात आणखी तीन. पहिले दोन आता निवृत्त झाले आहेत. त्या काळी हे सारे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे होते. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन ते महानिर्मितीकडे आले. केंद्रासभोवती नोकरदारांची वसाहत उभी राहिली आणि वसाहतीबरोबर गणपती आले, नवरात्र आले, हरिनाम सप्ताह आले. आम्हांला तेथे कीर्तनाचे प्रथम निमंत्रण आले तेव्हा आमचे वय पंचविशीचे होते.

अशा वसाहतीचा एक विशेष आहे. तेथील माणूस घर बांधून राहत नाही, बदलीच्या हुकुमाने राहतो. आज एकलहरे, उद्या कोराडी, परवा परळी किंवा भुसावळ. बदलीचा कागद आला की प्रपंचाची आवराआवर सुरू होते. सागवानी कपाट, लोखंडी खाट, शिवणयंत्र, पाळणा, पाट, हे सारे मालमोटारीत घालून नेण्याचा खर्च कधी कधी वस्तूंच्या किमतीहून अधिक होतो. मग शेजारीपाजारी निरोप जातो, ‘आम्ही निघालो, काही हवे असल्यास पाहून जा.’ नव्याने संसार मांडणाऱ्याला तेच सामान निम्म्या-पाव किमतीत मिळते. ना दुकान, ना पाटी, ना दलाल. परंतु जुन्या घरसामानाचा हा एक पूर्ण बाजारच होता, आणि त्यावर कित्येक गरीब संसार उभे राहिले.

आमच्या हातून घडलेली चूक

सुमारे १९८६ च्या नवरात्रात आम्ही त्या वसाहतीत कीर्तनास उभे राहिलो. पूर्वरंगात परद्रव्याचा निषेध चालला होता. तारुण्याचा आवेश, पाठांतराचा गर्व, समोर श्रोत्यांची दाटी. बोलण्याच्या ओघात आम्ही सांगून गेलो की, परक्याची शय्या, परक्याचे आसन, परक्याचे वाहन जो वापरतो तो धन्याच्या पापाचा चौथा हिस्सा उचलतो, असे मनूचे वचन आहे. त्यावर आपल्या पदरची भर घातली ती अशी, की दुसऱ्याच्या घरची खाट घरात आली म्हणजे तिच्यावर झालेले आजार आणि दुःखही मागून येते. श्रोत्यांनी माना डोलावल्या. झांज वाजली, आम्ही पुढे गेलो.

त्या श्रोत्यांत एक सासू-सून बसल्या होत्या. मुलगा कोळशाच्या कामावर ठेकेदाराकडे मजूर. सुनेला दिवस गेलेले. कोराडीस बदलून गेलेल्या एका कुटुंबाकडून तिने चाळीस रुपयांस लाकडी पाळणा घेतला होता. कीर्तन ऐकून घरी गेलेल्या सासूने दुसऱ्याच दिवशी तो पाळणा भंगारवाल्यास दहा रुपयांत देऊन टाकला. नवा घेण्याइतके पैसे घरात नव्हते. मूल जन्मल्यावर धोतराची झोळी खिडकीच्या गजाला बांधली. पाचव्या महिन्यात एका दुपारी गाठ सुटली. मुलाचा डावा हात मोडला. हाड जुळले, परंतु कोपर थोडे वाकडे राहिले ते कायमचेच.

ही हकिकत आम्हांस गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हती. गतवर्षी पुन्हा एकलहऱ्यास कीर्तन झाले. आरतीनंतर एक वृद्ध बाई पुढे आल्या, नमस्कार केला आणि हे सारे शांतपणे सांगितले. त्या म्हणाल्या, “बुवा, आता माझ्या सुनेला दिवस गेलेत. तिनं नाशिकहून जुन्या सामानाच्या दुकानातून शिसवी पाळणा आणलाय. घरी ठेवू की काढून टाकू? आणि एक विचारते, राग मानू नका. तेव्हा तुम्ही सांगितलं ते खरं, का आता सांगाल ते खरं?”

बाईंच्या स्वरात कोणताही आरोप नव्हता, आणि त्यामुळेच आम्हांला उत्तर सुचेना. “बाई, आठ दिवसांची मुदत द्या. ग्रंथ पाहून सांगतो,” एवढेच आम्ही म्हणालो.

ग्रंथ काय सांगतात

घरी येऊन पोथ्या काढल्या. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील ते वचन डोळ्यांखालून घातले आणि आमची मान खाली गेली. त्यात यान, शय्या, आसन, विहीर, बाग आणि घर यांचा उल्लेख आहे, चौथ्या हिश्श्याचीही गोष्ट आहे. परंतु त्यात एक शब्द आहे, ‘अदत्त’. अर्थात, धन्याने न दिलेली वस्तू जो वापरतो त्याला तो दोष. धन्याने आपखुशीने दिली किंवा मोल घेऊन विकली, तर दोषाचे कारणच उरत नाही. चाळीस वर्षांपूर्वी हा एक शब्द आमच्या जिभेवरून निसटला होता. वेदपाठात एक स्वर चुकला तर अनर्थ होतो असे आम्ही शिष्यांना शिकवतो. येथे तर आम्ही सबंध शब्दच गाळला होता. दुःखही मागून येते हे तर आमचेच रचलेले. त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार आम्हांस सापडला नाही.

सत्य सांगायचे तर पूर्ण सांगावे. त्याच अध्यायात स्नातकाच्या आचारात असेही म्हटले आहे की, इतरांनी वापरलेली पादत्राणे, वस्त्रे, यज्ञोपवीत, अलंकार, पुष्पमाला आणि कमंडलू धारण करू नयेत. ही यादी लक्षपूर्वक पाहावी. बहुतेक वस्तू अंगाला चिकटून राहणाऱ्या, कमंडलू तर तोंडाच्या पाण्याचा. कपाट, चौरंग, पेटी, पाळणा यांचे नाव त्यात नाही.

पुढे पाचव्या अध्यायात, आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातील द्रव्यशुद्धिप्रकरणात, वापरलेल्या वस्तू शुद्ध कशा कराव्यात याचे विवेचन आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी यांनी. लाकडाची शुद्धी तासून. वस्त्रांची धुऊन, आणि फार मोठा ढीग असल्यास प्रोक्षणाने. मातीच्या भांड्याची पुन्हा भाजून. आमच्या आज्या चिंच आणि राख घेऊन घंगाळे घासत बसत, तेव्हा नकळत याच वचनाचे आचरण करीत होत्या. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, १९५३ मध्ये, या शुद्धिविचाराची साद्यंत मांडणी केली आहे. वापरलेली वस्तू त्याज्यच असती, तर ऋषींनी तिच्या शुद्धीसाठी एवढे श्रम कशाला घेतले असते?

मुकुटमणी शोभावे असे वचन तर याच पाचव्या अध्यायात आहे. त्याचा आशय असा की, सर्व शुद्धींमध्ये अर्थशुद्धी श्रेष्ठ. जो पैशाच्या व्यवहारात शुद्ध तोच खरा शुद्ध, केवळ माती-पाण्याने धुतलेला नव्हे. येथे आम्हांला देहूच्या वाण्याचे स्मरण होते. आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून देणाऱ्या तुकोबांनी हे वचन जगून दाखवले.

एका गोष्टीचा उच्चार येथे केलाच पाहिजे. ‘ही वस्तू कोणाच्या घरची?’ या प्रश्नाच्या पोटी कित्येकदा जात विचारण्याचा हेतू दडलेला असतो. जुन्या ग्रंथांतही स्पर्शास्पर्शाचे भेद आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या परंपरेने गोरोबांच्या मडक्यात आणि चोखोबांच्या हाडांत विठ्ठल पाहिला, त्या परंपरेत उभे राहून आम्ही तो प्रश्न विचारणार नाही, आणि वाचकांनीही विचारू नये.

तीन व्यवहार, तीन सावधगिरी

जुन्या सामानाच्या व्यापाराविषयी आमच्या शास्त्रकारांनी फार बारकाईने लिहिले आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणाच्या खालोखाल येतो तो निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेली वस्तू. आज काही दुकानदार जुने कपाट किंवा टेबल आपल्या दुकानात ठेवून घेतात आणि विकल्यावर आपला हिस्सा कापून उरलेले धन्यास देतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या बाजारामुळे अडत हा शब्द घरोघर ठाऊक आहे. ही वस्तूंचीच अडत म्हणायची. या व्यवहारात वस्तू विकली जाईपर्यंत ती धन्याचीच असते, दुकानदार केवळ विश्वस्त. म्हणून किती मुदत, किती हिस्सा, न विकल्यास परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि मोडतोड झाल्यास जबाबदार कोण, एवढे चार प्रश्न कागदावर उतरवून घ्यावेत. पाश्चात्य देशांत अशी दुकाने गावोगाव आहेत. काही ठिकाणी त्यांना दानधर्माची जोड असते. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९०२ मध्ये एडगर हेल्म्स नावाच्या धर्मोपदेशकाने लोकांकडून जुने सामान गोळा करून, गरिबांकडून ते दुरुस्त करवून विकण्याचा उपक्रम आरंभिला, तोच पुढे ‘गुडविल’ या नावाने विस्तारला.

तिसरे व्यवहारपद अस्वामिविक्रय, म्हणजे धनी नसताना केलेली विक्री. याज्ञवल्क्यांनी खरेदीदाराला इशारा दिला आहे की, एकांतात, अवेळी, अत्यल्प मोलात आणि ज्याच्यापाशी ती वस्तू असणे संभवत नाही अशाकडून घेणाऱ्यावर चोरीचा संशय येतो. उघड बाजारात, चारचौघांदेखत घेणाऱ्यास मनूने दंडातून सोडले आहे. तथापि खरा धनी उभा राहिल्यास वस्तू त्याची. आजचा कायदाही याच वाटेने जातो. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्यापाशी जितका हक्क तितकाच घेणाऱ्याला मिळतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे अपराध आहे. म्हणून पावती मागण्यास लाजू नये. जुन्या मूर्ती, कोरीव दगड वा धातूचे देव यांच्या बाबतीत तर विशेष जपावे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते, आणि तिच्या व्यापारास परवाना लागतो. कोण्या गावच्या देवळातून उचललेला देव आपल्या देव्हाऱ्यात बसविणे यासारखा अधर्म नाही.

तिसरी सावधगिरी पश्चात्तापाची. मनूने घेतलेली किंवा विकलेली वस्तू दहा दिवसांच्या आत परत करण्याची सोय सांगितली. याज्ञवल्क्यांनी परीक्षेच्या मुदती वेगवेगळ्या दिल्या, बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. दुकानदार ‘विकलेला माल परत नाही’ अशी पाटी लावतो, तेव्हा परीक्षा दुकानातच उरकून घ्यावी हे उत्तम.

बाजार आणि पारख

महाराष्ट्रात जुन्या सामानाची ठिकाणे काही थोडी नाहीत. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार, जोगेश्वरीनजीक ओशिवऱ्याची फर्निचरची दुकाने. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. नाशिकात जुने वाडे उतरविले जातात तेव्हा त्यांचे सागवानी खांब, तुळया, दारे आणि चौकटी जुन्या लाकडाच्या वखारींत येऊन पडतात. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकची ख्याती जुनी. भांडी बाजारात नव्याबरोबर मोडीचाही व्यवहार चालतो. आणि दारावर येणाऱ्या बोहारणीला कोण विसरेल! जुनी लुगडी घेऊन पातेले देणारी ती बाई म्हणजे फिरता जुना बाजारच.

हाच जुना संसार एका माणसाने पूजेच्या भावाने जपला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून समया, अडकित्ते, दौती, कुलपे, पेट्या, दारे अशा नित्याच्या वस्तू जमविल्या, आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांचे संग्रहालय उभारून १९७५ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन केले. परक्या घरांतील वस्तूंनी दुःख येते असे मानणाऱ्यांनी तेथे एकदा जाऊन यावे. त्या वस्तूंनी एका पित्याच्या शोकाला आधार दिला.

आता गृहिणींसाठी काही व्यवहाराच्या सूचना. लाकडाचे सामान घेताना ते उलटे करून पाहावे. वरचे पॉलिश फसवते, तळ खरे बोलतो. बारीक छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखा भुगा दिसल्यास लाकडात कीड जिवंत आहे असे समजावे. सांधे हलवून पाहावेत. कूस सैल झाली असेल तर सुतार ती नीट करू शकतो, परंतु लाकूड चिरले असेल तर सोडून द्यावे. खाटेच्या फटींत ढेकूण लपतात, म्हणून घरात आणण्यापूर्वी उकळते पाणी आणि कडक ऊन. वापरलेली गादी मात्र घेऊच नये. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ शिजवायचा असेल तर कलई हवीच; आणि कलईवाला शुद्ध कथील वापरतो की शिसे मिसळलेले, याची चौकशी करावी. नवसागराचा पांढरा धूर निघून भांडे चांदीसारखे झळकले की पाहणाऱ्याचे मन भुलते, परंतु शिशाचे विष झळाळीवरून ओळखू येत नाही. हाच धोका जुन्या रंगांचा. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्यापूर्वी रंगविलेला पाळणा मूल चाटणार, म्हणून तो रंग सुताराकडून नाकातोंडाला फडके बांधून, ओलसर करून, लहान मुलांपासून दूर खरवडून घ्यावा. लाकडाची शुद्धी तासून होते असे सांगणाऱ्या ऋषींना हे शिशाचे ज्ञान नव्हते, तरी उपाय मात्र हाच निघाला.

पाळण्याचा निवाडा

आठव्या दिवशी आम्ही स्वतः एकलहऱ्यास गेलो. घरात एका कडेला तो शिसवी पाळणा ठेवला होता. बाईंचा मुलगा, त्याची पत्नी, सारे बसले होते. आम्ही प्रथम आमची चूक सांगितली. कोणता शब्द गाळला, तो का गाळला गेला आणि त्याचा परिणाम काय झाला, ते त्या मुलाच्या समोर सांगितले. तो काही वेळ आपल्या डाव्या कोपराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बुवा, झोळीची गाठ आईनं बांधली, तुम्ही नाही.” त्याने आम्हांला मोकळे केले, परंतु आम्ही स्वतःला मोकळे केले नाही. व्यासपीठावरचा माणूस जे बोलतो ते कोणाच्या तरी घरात जाऊन घडते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

तेवढ्यात त्याची पत्नी संकोचाने म्हणाली, “पण गीतेत तर जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत असं आहे ना?” आम्हांला हसू आले. भगवंतांनी तो दृष्टांत देहाच्या नश्वरतेसाठी दिला, दिवाळीच्या खरेदीसाठी नव्हे, असे आम्ही म्हणालो, आणि साऱ्यांच्याच मनावरचा ताण उतरला.

मग आम्ही विचारले, “देवळात रामजन्माला आणि कृष्णजन्माला जो पाळणा हलवता, तो दर वर्षी नवा असतो का?” कोणीच बोलले नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाळण्यात देव जन्म घेतो. त्या लाकडाला आजवर किती हात लागले याचा हिशेब कोण ठेवतो? ज्या लाकडाने एक मूल जोजवले, त्याने दुसरे जोजवावे, यात त्या लाकडाचे सार्थकच आहे.

बरोबर नेलेल्या सुताराने कड्या तपासल्या, एक गंजलेली होती ती बदलली. दोन गजांमधून मुलाचे डोके जाणार नाही एवढे अंतर आहे, याची खात्री केली. दुकानाची पावती पाहिली; तीवर नाव होते, किंमत होती, तारीख होती. त्यानंतर आम्ही गोदेचे पाणी शिंपडून संकल्प सोडला. बाईंनी स्वतः हळदकुंकू वाहिले. पाळणा पुसताना त्यांचे हात थरथरत होते, हे आम्ही पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

वाचकहो, यंदाच्या धनत्रयोदशीला ज्यांची ऐपत आहे त्यांनी नवे भांडे अवश्य घ्यावे. ज्यांची नाही त्यांनी जुने घेऊन, घासूनपुसून, निःशंक मनाने लक्ष्मीपुढे मांडावे. आणि ज्यांच्या माळ्यावर पाळणे, चौरंग, समया धूळ खात पडल्या आहेत, त्यांनी त्या योग्य मोलाने किंवा विनामूल्य, परंतु आपखुशीने, गरजवंताच्या हाती द्याव्यात. म्हणजे ती वस्तू ‘अदत्त’ राहणार नाही. त्या घरी कन्या जन्मली असून तिचे बारसे त्याच शिसवी पाळण्यात झाले. पाळणा म्हणण्याचा मान आम्हांला मिळाला.

ही दीपावली सर्वांच्या घरी आरोग्याची, समाधानाची आणि शुद्ध व्यवहाराची होवो, हीच त्र्यंबकराजाच्या चरणी प्रार्थना.